तीजाला न्यायला आलेला भाऊ

सन २०१४. माझं वय तेव्हा छप्पन्न, नोकरीला छत्तीस वर्षं झालेली, आणि भिलाईत मरोद्याकडच्या एका चौकीचा मी प्रभारी होतो. शिक्षण विचाराल तर सातवी. शिपाई म्हणून लागलो आणि खांद्यावर स्टार लागेपर्यंत आपल्याच पायांनी चढलो, कोणाच्या चिठ्ठीनं नाही. पुष्कळ केसेस केल्या, बऱ्याच विसरलो. त्या वर्षीची तीजाची केस मात्र कालच रोजनामच्यात लिहिल्यासारखी आठवते. नावं कोणाची लिहीत नाही. माणसं अजून आहेत, त्यांना सुखानं राहू द्या.

आधी तीजा म्हणजे काय ते सांगतो. आपली हरतालिका तीच इथली तीजा. फरक एवढाच की छत्तीसगढच्या बाया ती माहेरी करतात. पोळ्याच्या आगेमागे बाप नाहीतर भाऊ लेकीला न्यायला येतो. आला नाही तर वर्षभर बोलणं खावं लागतं. तीजाच्या आदल्या दिवशी माहेरी कारल्याची भाजी आणि भात खायचा, त्याला करू भात म्हणतात, आणि मग दुसऱ्या दिवशी कडक उपास. इकडे स्टील प्लांटच्या क्वार्टरमध्ये नवरा एकटा. तो ए शिफ्टला गेला की सकाळी सहापासून दुपारी दोनपर्यंत दाराला कुलूप. सगळ्या लाइनीत अशी पाच-सात कुलपं दिसतात.

त्या वर्षी पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात सहा घरं फुटली, तीही दिवसाढवळ्या. पितळी भांडी, पैंजण, घड्याळ, हाताला लागेल ते गेलं. आमचे थानेदार साहेब तरुण, अकादमीतून नवेच आलेले. माणूस सरळ, मेहनती, पण अंगात वारा भरलेला. खबर आली की जीप निघाली. प्लांटच्या वसाहतीतल्या सेक्टरात चोरी झाली की सेक्टरात, मरोद्याला झाली की मरोद्याला. जिथे चोरी झाली तिथे दुसऱ्या दिवशी दोन शिपाई उभे. चोर काय तिथे परत येणार होता? मीही त्या जीपमध्ये बसून धावलो, हे खोटं कशाला सांगू. आठ दिवस धावलो. माझ्या गुडघ्यांना विचारा.

प्रत्येक घराच्या शेजाऱ्यांना आम्ही एकच सवाल केला, कोणी अनोळखी माणूस दिसला का. सगळ्यांचं एकच उत्तर, कोणी नाही. ते आम्ही बयानात लिहून घेतलं आणि खाली अंगठा-सही.

सहावं घर होतं एका मराठी कुटुंबाचं. भंडाऱ्याकडची माणसं. बाप प्लांटमधून रिटायर होऊन वारलेला, मुलगा प्लांटमध्येच, आणि घरात त्याची आई. मी तिला मावशी म्हणत असे. सून छत्तीसगढची, मुलानं पसंतीनं केलेली. त्यांच्या घरातून महालक्ष्म्यांचे दोन पितळी मुखवटे गेले. मावशीच्या सासूनं भंडाऱ्याहून कासाराकडून घडवून आणलेले, दोन पिढ्यांचे. महालक्ष्म्या बसायला दहा-बारा दिवस राहिलेले. आपल्या लोकांना हे सांगायला नको की मुखवट्यांशिवाय त्या घरात काय झालं असेल.

मावशी रोज अकरा वाजता चौकीत यायची आणि बाकावर बसायची. पाणी दिलं तर प्यायची नाही. राग चोरावर कमी आणि सुनेवर जास्त होता. सून तीजाला गेली म्हणून घर उघडं पडलं, म्हणजे दोष तिचा. फोन करून तिनं सुनेला सांगून टाकलं होतं की मुखवटे मिळाले तर ये, नाही तर माहेरीच राहा. मुलगा दोघींच्या मध्ये वाळून चालला होता.

मी एक दिवस सहज विचारलं, मावशी, चोरीच्या दिवशी तुम्ही कुठे होता. म्हणाली, दुर्गला, मोहन नगरमध्ये, लेकीकडे.

"म्हणजे तुम्ही लेकीकडं गेल्या, अन् सून आईकडं गेली. मग कुलूप कोणाच्या नावावर लिहू?"

तिनं पेला उचलला. त्या दिवशी पाणी प्यायली. पण हट्ट सोडला नाही. बाई माझ्याच जातकुळीची, हट्टी.

खबर मिळाली ती तिच्याच तोंडून, आणि तिनं ती खबर म्हणून दिली नव्हती. पोळ्याच्या दिवशी ती आली ती जळतच. शेजारीण तिला म्हणाली होती, तुमच्या सुनेचा भाऊ मोठा गुणी, चहा प्यायला आणि कप स्वतः विसळून ठेवला.

"माह्या सुनेले भाऊच नाही," मावशी म्हणाली. "दोघी बहिणीच आहेत. बाप येऊन घेऊन गेला तिले. मंग हा कोण आला होता माह्या दारात? तुमी पोलीसवाले चोर शोधून राहिले, मले तं वाटते आधी हा भाऊ शोधा."

तिच्या मनात काय होतं ते मला कळलं. आता गोष्ट मुखवट्यांची राहिली नव्हती. एका गरीब पोरीच्या चारित्र्यावर बोट आलं होतं, आणि ती पोर तिकडे गावात बसून होती, तिला काही पत्ता नाही. हा भाऊ सापडला नसता तर त्या घरात ती परत पाय ठेवू शकली नसती. मुखवटे नवे करता येतात. असं बोट एकदा उठलं की खाली येत नाही.

मी मावशीला म्हटलं, हे दुसऱ्या कोणाजवळ बोलू नका, मुलाजवळ तर मुळीच नाही, मला तीन दिवस द्या. आणि सायकल काढून निघालो. जीप मुद्दाम घेतली नाही. जीप आली की लोक बयान देतात, सायकल आली की बोलतात.

सहाही घरांच्या शेजारी परत गेलो. या वेळी अनोळखी माणसाचं नावच काढलं नाही. फक्त विचारलं, त्या दिवशी चहा कोणाला पाजला. सहापैकी पाच जागी उत्तर आलं, बाजूवालीच्या भावाला. हातात पिशवी, पिशवीत नवी साडी, मिठाईचा डबा, केसांना तेल. कुलूप बघून बिचारा थबकला. शेजारणीनं सांगितलं, दीदी तर काल गेली. तो म्हणायचा, अरे, मोठा भाऊ आधी येऊन गेला वाटतं, मी मावसभाऊ, जिजाजींना भेटूनच जातो. मग शेजारणीनंच सांगितलं की जिजाजी ए शिफ्टला आहे, अडीचच्या आधी येत नाही. चहा पाजला, आणि हा बिचारा बाजूच्या व्हरांड्यात जिजाजीची वाट बघत बसला. शेजारीण आपल्या स्वयंपाकाला लागली.

बायांनी लपवलं नव्हतं. आम्ही अनोळखी विचारला, आणि तीजाला आलेला भाऊ इथे कोणालाच अनोळखी नसतो. त्यात ज्याला आपण चहा पाजला त्याला चोर म्हणायला माणसाची जीभ उचलत नाही. छत्तीस वर्षांत मला हे कळायला हवं होतं.

मी थानेदार साहेबांना सगळं सांगितलं. ते खुर्चीतून उठलेच. म्हणाले, आत्ता रिक्षावर लाउडस्पीकर लावतो, सगळ्या सेक्टरांत पुकारा करतो की अशा माणसाशी बोलू नका, दार उघडू नका. मी म्हटलं, नको. ते म्हणाले, दादा, आणखी एक घर फुटलं तर एसपी साहेबांना मी काय सांगू.

मी साधा एएसआय, ते माझे साहेब. पण मी खाली बसलो नाही आणि त्यांनाही जाऊ दिलं नाही. हिंदीत बोललो, इथे आपल्या भाषेत लिहितो. "साहेब, आठ दिवसांपासून आपली ड्यूटी तो चोर लावून राहिला. तो म्हणते सेक्टर, आपण सेक्टरात. तो म्हणते मरोदा, आपण मरोद्यात. पुकारा केला तर तो आजच्या आज दुसऱ्या शहरात भाऊ बनून जाईल, मुखवटे नदीत टाकेल, अन् पुढच्या तीजाला परत येईल. एकदा तरी त्याची ड्यूटी आपण लावू."

ते परत खुर्चीत बसले. मग म्हणाले, करू भाताच्या दिवसापर्यंत तुमचं चालवा, त्यानंतर माझं. दोनच दिवस होते. पण मला माहीत होतं की चोराजवळही तेवढेच आहेत. तीजाच्या दिवशी भाऊ न्यायला येत नसतो.

पहिलं काम, कुलपं शोधली. दारोदार हिंडून नाही. तीन दूधवाले बोलावले. कोणी चार दिवस दूध बंद केलं आणि कोणी दोन लिटरचं अर्धा लिटर केलं, हे दूधवाल्याइतकं कोणाला माहीत नसतं. त्यांच्याकडून घरं निघाली, त्यातून ए शिफ्टवाले वेगळे काढले. एकोणीस घरं राहिली. एकोणीस घरांना एकोणीस शेजारणी. मी आणि एक महिला आरक्षक, म्हणजे शिपाई, साध्या कपड्यांत त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसलो. सगळ्यांना एकच गोष्ट सांगितली. भाऊ आला तर चहा बंद करू नका. दोनदा पाजा. जेवायला बसवा. आणि आत येऊन या नंबरला नुसती एक रिंग द्या.

एक बाई म्हणाली, चोराला जेवू घालायचं? मी म्हटलं, पोट भरलेला माणूस पळत नाही. हसल्या सगळ्या. खरं सांगतो, पोलिसांचं काम सांगितलं तर घाबरल्या असत्या, स्वयंपाकाचं सांगितलं तर कंबर कसून तयार झाल्या.

दुसरं काम मी केलं ते ऐकून साहेब खूप हसले. मुद्देमाल सापडला तरी तो पोलीस आपल्या मनानं परत देऊ शकत नाहीत. कोर्टाचा हुकूम लागतो, सुपुर्दनामा होतो. आणि बुधवारी करू भात, त्यानंतर तीजाची सुट्टी, मग गणेश चतुर्थी, मग शनिवार-रविवार. कोर्ट उघडणार सोमवारी, महालक्ष्म्या मंगळवारी. म्हणजे चोर सापडून मुखवटे मालखान्यात पडून राहिले असते आणि मावशीच्या घरी पाट रिकामा. म्हणून मी मावशीला घेऊन दुर्गच्या कोर्टात एका वकिलाकडे गेलो आणि अर्ज टाइप करून ठेवला. मुखवट्यांची ओळखही लिहून घेतली. एकीच्या डाव्या कानामागे पोचा आहे, दुसरीच्या नथीचं भोक जरा मोठं आहे. जोडीला गेल्या वर्षीच्या पूजेचा फोटो. शिनाख्तीसाठी, म्हणजे मालाची ओळख पटवताना हजर राहायला, वॉर्डातल्या एका भल्या माणसाला सांगून ठेवलं की बुधवारी घरीच राहा.

साहेब म्हणाले, "दादा, चोर मिला नहीं और माल छुडाने की अर्जी तैयार?"

मी म्हटलं, मिळाल्यावर लिहायला वेळ कुठे आहे.

बुधवार, करू भाताचा दिवस. नऊ वाजले, दहा वाजले, फोन मुका. साहेबांनी दोन वेळा विचारलं. मी टेबलाशी बसून रोजनामचा चाळत होतो, अक्षर एक दिसत नव्हतं. सव्वा दहाला रिंग आली. मरोद्यातल्या एका म्हाताऱ्या छत्तीसगढी बाईचा नंबर.

मी साधे कपडे घालून होतोच. एक कापडी पिशवी घेतली, तिच्यात बायकोची नवी साडी होती, ती वर दिसेल अशी ठेवली. शिपाई मागच्या गल्लीत उभे केले आणि सायकलवर गेलो. म्हातारीच्या घरात भाऊ मांडी घालून बसला होता. पुढे ताट, ताटात भात आणि कारल्याची भाजी. म्हातारी वाढत होती आणि विचारत होती, कोणतं गाव, किती एकर, आई कशी आहे. तो घामाघूम होऊन उत्तरं देत होता. मी दारात उभा राहून बाजूच्या घरातल्या सुनेचं नाव घेतलं आणि म्हटलं, तिला न्यायला आलो, कुलूप कसं काय. म्हातारी अशी बेरकी की तोंडावर रेघ हलली नाही. म्हणाली, बस बाबा, हा पण तिचा भाऊच आहे.

मी त्याच्या बाजूला बसलो. त्याच्या पिशवीकडे पाहिलं, त्यानं माझ्या पिशवीकडे पाहिलं.

"मैं तो बडा भाई हूं," मी म्हटलं. "तू कौन सा?"

त्यानं घास खाली ठेवला. पळाला नाही. पळायला जागाच नव्हती. शिपाई मागच्या दारातून आत आले तरी म्हातारी म्हणत होती की आधी जेवू द्या, ताटावरून कोणाला उठवत नाहीत. आणि आम्ही थांबलो. रोजनामच्यात मी ते लिहिलं नाही, इथे लिहितो.

थान्यात साहेबांनी विचारायला सुरुवात केली. माल कुठे, साथीदार कोण. तो घुम्यासारखा बसला. असे सवाल त्यानं आधीही खाल्ले होते, त्याचं कातडं त्यांना सरावलेलं. अर्धा तास गेला. मी घड्याळ बघत होतो, मला चार वाजायच्या आत कोर्ट पाहिजे होतं. मी साहेबांची परवानगी घेऊन खुर्ची जवळ ओढली आणि विचारलं, एवढ्या घरी चहा प्यायलास, सगळ्यात चांगला कोणाचा होता?

तो जरा हसला. म्हणाला, सेक्टरातल्या पिवळ्या दारवालीचा, अद्रक टाकून. मी म्हटलं, आणि भंडाऱ्यावाल्या मावशीच्या बाजूचा? म्हणाला, त्यात साखरच साखर, दोन घोट घेऊन उरलेला ओतला आणि कप विसळला, नाही तर बाईला वाईट वाटलं असतं. मग तो एकेक चहा सांगत गेला. कुठे पाणचट, कुठे बिस्किट दिलं, कुठे सासू-सुनेचं भांडण ऐकवलं. घरं सात झाली. आमच्याकडे रिपोर्ट सहाच होते. सातव्या घरच्या माणसाला आपल्याकडे चोरी झाली हे तोपर्यंत माहीतही नव्हतं, त्यानं पेटी उघडूनच पाहिली नव्हती. साहेब लिहीत होते आणि ओठ दाबून हसत होते.

माणूस गुन्हा लपवतो, पण आपला हुनर त्याला लपवता येत नाही. हे मी तेव्हाही सांगत असे, आजही सांगतो.

माल दुर्गला स्टेशनकडच्या एका भाड्याच्या खोलीत निघाला. पंचांसमोर दार उघडलं. भांडी गोणीत भरलेली, विकायला तयार. मुखवटे मात्र गोणीत नव्हते. कोनाड्यात स्वच्छ फडक्यावर ठेवलेले, तोंड भिंतीकडे. मी त्याच्याकडे पाहिलं. तो खाली बघत म्हणाला की भांडीवाल्यानं देव घेतला नाही, आणि खोलीत ठेवले तर त्या रात्रंदिवस माझ्याकडे बघत होत्या.

पंचनामा, शिनाख्त, पोचा आणि नथीचं भोक, सगळं जसं लिहिलं होतं तसंच. पावणेचारला आरोपी आणि अर्ज दोन्ही कोर्टात हजर. मॅजिस्ट्रेट साहेबांनी अर्जावरची जुनी तारीख पाहिली, मग माझ्याकडे. म्हणाले, हा अर्ज चोरी सापडायच्या आधीचा आहे? मी म्हटलं, होय साहेब, महालक्ष्म्यांची तारीख आम्हाला चोराच्या आधीपासून माहीत होती. त्यांनी अर्जावर सही केली. हुकूम दिला.

पाच वाजता कोर्टाच्या आवारात मावशीनं मुखवटे पदरात घेतले. डोळ्यांना लावले. मी तिथेच उभा राहिलो, हललो नाही. तिनं विचारलं, आता काय. मी म्हटलं, भाऊ सापडला, तुम्ही पाहिला, सुनेनं त्याला कधी पाहिलंही नाही. आता फोन लावा. ती म्हणाली, घरी जाऊन लावते. मी म्हटलं, सही माझ्यासमोर केली, फोनही माझ्यासमोर करा.

सोबत आलेल्या मुलानं नंबर लावून दिला. मावशी बराच वेळ कानाला फोन लावून नुसती उभी होती. तिकडून ती पोर "आई, आई" म्हणत होती, ते मलाही ऐकू येत होतं.

"तीजा नीट कर," मावशी शेवटी म्हणाली. "उपास सोडला का निंघ. मले एकटीले साड्या नेसवता येत नाही त्याईले, तुले माहीत आहे नं. अन् माह्यं चुकलं. जास्त बोलायले लावू नको."

मुलगा वकिलाच्या टेबलामागे जाऊन डोळे पुसून आला. मी पाहिलं नाही असं दाखवलं. मंगळवारी त्या घरी महालक्ष्म्या बसल्या, आणि जेवायला साहेब आणि मी दोघेही होतो. आंबील सुनेनं वाढली.

साहेब नंतर मोठ्या हुद्द्यावर गेले. त्यांनी एकदा विचारलं, दादा, या केसमधून तुम्ही काय शिकलात. मी म्हटलं, जो नुसता धावतो तो पुढारी नसतो, तो धावणाराच असतो. पुढारी म्हणजे ज्याला पुढचं दिसतं. थाना असो, कारखाना असो की घर असो, घडलेल्या गोष्टीमागे जो पळतो त्याचा दिवस दुसराच कोणी ठरवतो. आधी बसावं, कोण कुठे येणार आहे ते ओळखावं आणि त्याच्या आधी तिथे पोचावं. हे मला पुस्तकानं नाही शिकवलं. एका चोरानं शिकवलं, ज्याला आमच्यापेक्षा आमचे सण जास्त माहीत होते. मला राग त्याचाच आला होता. पंचांग आमचं, आणि वाचून राहिला तो.

त्या बुधवारी संध्याकाळी साहेब म्हणाले, उद्या तीजाची सुट्टी, आराम करा. मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सायकल काढली आणि तलावावर गेलो. दिवाळीनंतर छठ येते, बिहारकडची अख्खी कॉलनी त्या घाटावर उभी राहते आणि मागे घरं मोकळी असतात. मी चारही बाजूंनी फिरलो, रस्ते पाहिले, कोणत्या गल्लीत कोणाला बसवायचं ते विडीच्या बंडलावरच्या कागदावर लिहून घेतलं. घाटावरचा चहावाला घाबरून धावत आला. म्हणाला, काय झालं साहेब?

मी म्हटलं, काही झालं नाही. म्हणूनच आलो. एक चहा दे.